अर्ध्या सायकलवर मंडईला

एकचाकी चालवणाऱ्या माणसाला आमच्या जिल्ह्यात एकच प्रश्न विचारतात. गोरेगावच्या आठवडी बाजारात विचारतात, एसटीच्या खिडकीतून मान बाहेर काढून विचारतात, एकदा तर मयतीला गेलो होतो तिथे रडणाऱ्या माणसाने रडणं थांबवून विचारलं, "काऊन जी, दुसरा चक्का कुठी गेला?" सुरुवातीला मी समजावून सांगायचो की याला दुसरं चाक नसतंच, हे असंच येतं. ऐकणारा मान हलवायचा आणि शेजारच्याला सांगायचा, "हरवला वाटते." मग मी चिडायला लागलो. तसा मी मुळातच चिडका आहे. शेतीच्या पंपांच्या मोटारी रिवाइंड करण्याचं माझं दुकान आहे. दिवसभर जळक्या तारांचा वास घ्यायचा आणि मोटार आपोआप जळली असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायचं, यात माणूस गोड राहील कसा?

चाक मी मोबाइलवर पाहून मागवलं होतं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने काहीतरी हालचाल करावी असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांच्या मनात बहुधा सकाळचं चालणं असावं. शिकलो मी एका राइस मिलच्या कंपाउंडला धरून. भिंत लांबलचक होती, तिला हात लावून लावून मी पुढे सरकायचो, आणि भिंत संपली की मी पडायचो. मिलमधले हमाल पोती उतरवायचं सोडून त्या टोकाला येऊन बसायचे. पण शिकलो. महिन्यांमागून महिने गेले आणि मी गोरेगावाहून नागझिऱ्याच्या रस्त्याने दूरवर जाऊन परत यायला लागलो. सीटवर नीट बसलं, पाय फिरत राहिले आणि दोन्ही हात मोकळे हवेत असले, की दुकान, गिऱ्हाईक, तारा, सगळं डोक्यातून निघून जायचं. मला आयुष्यात दुसऱ्या कशानेही इतकं हलकं वाटलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली, ती म्हणजे वारा. या चाकाला हँडल नाही, ब्रेक नाही, आणि पाय थांबले की चाक थांबतं. समोरून वारा आला तर त्याच्यावर थोडं टेकून चालवायचं असतं. दमछाक होते, पण आधारही मिळतो. वारा अचानक पडला, की ज्याच्यावर टेकलो तोच निघून गेल्यामुळे माणूस तोंडावर येतो. आणि बाजूचा वारा तर शुद्ध हरामखोर. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका झोताने मला कॅनॉलच्या पाळीवरून खाली कोरड्या पात्रात टाकलं. खांद्याचं हाड मोडलं. मोबाइल उडून झुडपात पडला आणि तिथे वाजत राहिला. मी उताणा पडून आकाशाकडे बघत सगळं गाणं ऐकलं, संपलं की पुन्हा सुरू व्हायचं. शेवटी एका गुराख्याने मला पाहिलं. त्यानेही आधी दुसरा चक्का शोधला आणि मग मला उचललं. हा किस्सा मी दुकानात इतक्यांदा रंगवून सांगितला की लोक नुसता तो ऐकायला येत.

बायको मात्र कधी हसली नाही. प्लास्टर निघालं त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "आता हे भंगारवाल्याले देऊन टाकू." मी नाही म्हणालो. ती रोज म्हणायची, मी रोज नाही म्हणायचो. दिवाळीपर्यंत हे चाललं, आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य निघून गेलं, की मी या चाकावर तुझ्या माहेरी मंडईला येऊन दाखवतो.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी बाजार भरतो, दुपारी दंडार, म्हणजे ढोलकीवरचा आमचा लोकनाच, रंगते, रात्री नाटक होतं, आणि घरोघरी इतके सोयरे येतात की घरच्यांना झोपायला जागा उरत नाही. बायकोचं माहेर सालेकशाच्या पुढे, जंगलाला लागून. गोरेगावाहून जायचं म्हणजे मोटरसायकलवाल्याचीही कंबर दुखते.

"चालते," ती म्हणाली. मला वाटलं नव्हतं ती इतक्या पटकन हो म्हणेल. "दंडार सुटाच्या आत पोचा. वाटेत उतरून आराम करा, पानी प्या. पन पुढचा रस्ता चाकावरच. कोनाच्या गाडीत बसाचं नाही, कोनाचा हात धराचा नाही. पोचले त चाक तुमचा, अन् मी जन्मात त्याचं नाव नाही काढत. नाही पोचले त चाक माझा, अन् मी त्याचं काय वाट्टेल ते करीन." निवाडा करायला तिचे वडील. सासरे बोलण्यात फार काटकसरी, पण गावात बांधावरून भांडण झालं तर दोन्ही पक्ष त्यांच्याच अंगणात येतात. आदल्या संध्याकाळी एक साळा मोटरसायकल घेऊन आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. जाताना ती आभाळाकडे बघत होती.

बघण्यासारखंच होतं. तिकडे बंगालच्या बाजूला समुद्रात कुठेतरी वादळ उठलं होतं आणि त्याची शेपटी आमच्यावर आली होती. सकाळी निघालो तेव्हा आभाळ भरलेलं, पाऊस नाही, आणि वारा थेट पूर्वेकडून. मला जायचं होतं पूर्वेला. मी चाकावर चढलो, वाऱ्यावर छाती टेकवली आणि निघालो.

डांबरी रस्त्यावर तसं बरं चाललं होतं. त्रास ट्रकांचा. समोरून ट्रक आला की वारा क्षणभर अडायचा, मी पुढे झुकायचो, आणि ट्रक गेला की वारा दुप्पट जोराने थोबाडीत मारायचा. एका टपरीवर चहाला उतरलो. तिथे गोंदियाचा एक कापडाचा व्यापारी मंडईत दुकान लावायला टेम्पो घेऊन निघाला होता. त्याने माझ्या चाकाकडे सहानुभूतीने पाहिलं. "ऑनलाइन बुलाए थे क्या, भाईसाब? चिंता मत करो, बाकी का पार्सल पीछे से आता है." मग त्याने टेम्पोत बसायचा आग्रह केला. मी नाही म्हणालो. तो ऐकेना. त्याने माझं चाक उचलून गठ्ठ्यांवर ठेवलंसुद्धा. ते परत उतरवताना आमची चांगलीच झटापट झाली आणि टपरीवाल्याचे दोन ग्लास फुटले.

तेव्हा मला या प्रवासातला खरा धोका कळला. चाकावरून पडण्यापेक्षा अवघड होतं लोकांच्या मदतीतून सुटणं. अर्धी सायकल घेऊन वाऱ्यात चाललेला माणूस म्हणजे अडचणीतला माणूस, याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती. दर थोड्या वेळाने एखादी मोटरसायकल शेजारी येऊन हळू व्हायची. "बसा जी मांगं. चक्का मांडीवर घ्या." एका ट्रॅक्टरवाल्याने तर मी नाही म्हणतो म्हणजे शुद्धीवर नाही असं ठरवून मला पाणी मारलं.

आमगाव मागे पडल्यावर पहिल्याच गावात रस्त्याच्या कडेला एक बाई पाण्याची बादली आणि लोटा घेऊन उभी होती. मला पाहताच आडवी आली. "उतरा जवाईबापू. पाय धुवा." माझी आणि तिची ओळख नव्हती. ती माझ्या बायकोच्या मावसबहिणीची जाऊ निघाली. आता जवाई दारावरून जातो आणि पाय धुवायला पाणीही न घेता जातो, हे आमच्याकडे होत नाही. उतरलो, पाय धुतले, चहा घेतला, चहासोबत आलेले भजे खाल्ले. मी परत चाकावर चढत होतो तेव्हा ती मोबाइलवर बोलताना ऐकू आली. "हो बाई, आले होते. तोंड लाल झालं, पन बरे आहेत. आता निघून राहिले."

माझं डोकंच सणकलं. पाळत! बायकोने माझ्यावर रस्ताभर पाळत ठेवली होती, मी लबाडी करून कोणाच्या गाडीत बसतो का ते बघायला. इतक्या वर्षांच्या संसारात एवढाच विश्वास! त्या रागात मी पुढची चढण एका दमात चढलो.

पुढे डांबर सोडून कॅनॉलची पाळ धरली, आणि पाळ संपल्यावर धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, धुऱ्याधुऱ्याने. धुरा म्हणजे मातीचा उंच बांध, माणूस चालतो तिथे पाऊल घसरतं. धान कापून झालं होतं आणि कडपा, म्हणजे कापलेल्या धानाचे पुंजके, वाळायला शेतात पसरलेल्या होत्या. वारा त्या उचलून शेजाऱ्याच्या बांधीत नेऊन टाकत होता. एक म्हातारा-म्हातारी धावपळ करून गोळा करत होते. ढिगावर ताडपत्री टाकली की ती उडायची, एक टोक दाबलं की दुसरं सुटायचं. मला पाहून म्हातारा धावत आला. मी म्हटलं, आला आता दुसऱ्या चक्क्याचा प्रश्न. तो म्हणाला, "जरा बसून द्या जी यावर. दोर आनतो घरून."

मी ताडपत्रीवर बसलो. माझं वजन पुरेना म्हणून चाक दुसऱ्या टोकावर ठेवलं. म्हातारी तिसऱ्या टोकावर बसली आणि आम्ही दोघं वाऱ्याकडे पाठ करून बसून राहिलो. तिने कमरेची तंबाखू काढली, मला दिली, आणि चाकाकडे बघून समाधानाने म्हणाली, "वजनदार आहे." चाकाची एवढी तारीफ आजवर कोणीच केली नव्हती. म्हातारा दोर घेऊन आला, आम्ही ढीग बांधला. निघताना बघतो तर म्हातारीच्या कानाला मोबाइल. मी थांबून ऐकलंही नाही.

जंगलात शिरल्यावर वारा वरच्या वर राहिला. खाली फक्त सागाची मोठाली पानं खडखडत अंगावर येत होती. रस्ता मुरमाचा, मधूनच रेती. रेतीत चाक रुतायचं, मी उतरायचो, जिथे उतरलो तिथूनच पुन्हा चढायचो, पुन्हा रुतायचो. कोणी बघत नव्हतं, चार पावलं चाक ढकलत नेलं असतं तर कोणाला कळलं असतं? पण मीही हट्टाला पेटलो होतो. तेवढ्यात समोरून लाकडाची मोळी डोक्यावर घेतलेला एक वयस्कर माणूस आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, हात जोडले आणि काही न विचारता पुढे गेला. काही न विचारता! त्या माणसाबद्दल मला इतका आदर वाटला की त्याला पाठमोरं तरी बघावं म्हणून मी वळलो. मोळी त्याने खाली ठेवली होती आणि तो फोनवर सांगत होता, "हो बाई, तुमचे मालक दिसले. रेतीत उड्या मारून राहिले."

तरीही पोचलो. जंगल संपलं, समोर गावची शीव, पुढे तलावाची पाळ आणि पाळीच्या टोकाला गाव. ढोलकीचा आवाज वाऱ्यावर तुटक तुटक येत होता, म्हणजे दंडार अजून चालू होती. पायांत गोळे आले होते, पण मी जिंकलो होतो. मी चाकावर बसून मोठ्याने ओरडलोसुद्धा.

त्या ओरडण्यामुळेच त्यांना मी सापडलो असणार. पाळीवरून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत माझे तिन्ही साळे, गावची निम्मी माणसं आणि एक डफवाला. "जवाई आले! जवाई आले!" मी हात हलवून नको नको म्हणत होतो, त्यांना वाटलं मी नमस्कार करतोय. धाकट्याने मला खांद्याखालून धरलं, मधल्याने पाय धरले. मी शिव्या दिल्या. "सोडा! मी हारीन ना बे!" मोठा साळा प्रेमाने म्हणाला, "गावचा जवाई मंडईले असा लंगडत आला त गावाची इज्जत काय राहीन जी?" आणि मी ट्रॉलीत. चाक माझ्या मांडीवर. डफ वाजवत मला तलावाच्या पाळीवरून वाजतगाजत नेलं आणि सासऱ्यांच्या खाटेसमोर उतरवलं. त्यांच्या शेजारी बायको उभी होती.

मी सरळ तिच्यावरच घसरलो. "पाह्यलं ना? मी आलो होतो शिवेपर्यंत. तुझ्या भावांनी घात केला."

"मीच पाठवला ट्रॅक्टर," ती म्हणाली.

अंगणात शिंगाडे सोलत बसलेल्या बायकांचे हात थांबले. जे सुचलं ते सगळं मी बोललो. पाळत ठेवली म्हणालो, फसवणूक म्हणालो, लाज नाही वाटत का म्हणालो. माहेरच्या अंगणात, सगळ्या सोयऱ्यांसमोर.

"पाळत नाही ठेवली," ती म्हणाली. "मानसं ठेवली. तुमी कुठी पडले त कोनाले तरी दिसाल म्हनून. अन् तलावाच्या पाळीवर बाजूचा वारा होता म्हनून ट्रॅक्टर. त्या दिवशी कॅनॉलमंधी तुमी गानं ऐकून राहिले होते ना? दुकानात हसून हसून सांगता. तो फोन मी लावून राहिली होती. वाजून राहिला, वाजून राहिला, अन् उचलूनच नाही राहिलं कोनी. मी आंगनात उभी होती. मले वाटलं गेले तुमी."

त्या किश्शाला दुसरी बाजू होती आणि ती मी कधी विचारली नव्हती. माझा राग तिथल्या तिथे मेला. मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी चाकाची सीट उगाचच वरखाली केली.

सासरे खाटेवर सरळ झाले. तंबाखू थुंकली. "ट्रॅक्टर पोरीनं पाठवला, त ते गैर झालं. जवाई, शिवेवर जा अन् परत या. दंडार थांबवून ठेवतो."

दंडार खरंच थांबवली. मी चाक खांद्यावर घेऊन शिवेवर चालत गेलो आणि माझ्यामागे अख्खी मंडई निघाली. शिवेवर पोचून मी चढलो. तलावाची पाळ जेमतेम ट्रॅक्टर जाईल एवढी, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल बांधी, आणि पाण्यावरून येणारा तो बाजूचा वारा. लोक पाळीखाली उभे होते. निम्मी पाळ मी कसा गेलो मला सांगता येणार नाही. मग मोठा झोत आला. मी बांधीच्या बाजूला कललो, हात गरगरा फिरवले, आणि समजलं की आता काही खरं नाही.

माझ्या दंडाला कोणीतरी घट्ट धरलं. बायको होती. पदर खोचून पाळीवर चढली होती आणि तलावाच्या बाजूने, वाऱ्याच्या अंगाला, माझ्याबरोबर चालत होती. लग्न झाल्यापासून माहेरी ती कधी माझ्या शेजारी बसलेली नाही, वडिलांसमोर माझं नाव घेत नाही. खालून कोणीतरी शिट्टी मारली. "सोड," मी म्हणालो, "हात धरला त मी हारतो." ती म्हणाली, "समोर पाहा." मी समोर पाहिलं. सोड म्हणालो खरा, पण तिने सोडलं असतं तर मी पडलो असतो आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. ती चालत राहिली, मी पाय फिरवत राहिलो, आणि तसेच आम्ही सगळ्या गावासमोर सासऱ्यांच्या खाटेपर्यंत गेलो.

सासऱ्यांनी लेकीच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "जवाई हारले. चक्का पोरीचा." आणि लगेच ओरडले, "वाजवा रे!" दंडार पुन्हा सुरू झाली. मला कोणीतरी शिंगाडे आणून दिले. पायांतल्या गोळ्यांनी बसता येईना, म्हणून मी ते उभ्यानेच खाल्ले.

भंगारवाला अजून दर आठवड्याला आमच्या गल्लीतून ओरडत जातो. बायको त्याला जुने डबे देते, माझ्या दुकानातल्या जळक्या तारा देते. चाक तिने तांदळाच्या कोठीच्या खोलीत ठेवलंय आणि खोलीला कुलूप आहे. मला फिरायला जायचं असलं की मागावं लागतं. ती आधी अंगणात येते, आंब्याच्या शेंड्याकडे बघते, बोट ओलं करून वर धरते. "आज नाही" म्हणाली की मी दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसतो. "चला" म्हणाली तर कुलूप उघडते आणि स्वतःची स्कूटीही बाहेर काढते. रस्त्यात लोक तिला थांबवून विचारतात दुसरा चक्का कुठे गेला, आणि ती न चिडता सांगते की हे असंच येतं. मग आम्ही पुढे निघतो. मोकळं शेत आलं आणि वारा बाजूने सुटला, की ती स्कूटी हळू करते, माझ्या मागून फिरवून वाऱ्याच्या बाजूला आणते, आणि शेत संपेपर्यंत तिथेच चालवते.